भोजनाची मात्रा

भंते उपसेन काट्यावर उभे राहिले आणि आकडा एकशे अठरावर थांबला. विशाखाने तो लिहून घेतला आणि पायाची जखम कशी आहे म्हणून विचारलं. भंते म्हणाले, बरी आहे. ती बरी नव्हती. उजव्या पायाचा अंगठा आठ महिन्यांपूर्वी कापावा लागला होता आणि आता शेजारचं बोट काळं पडत चाललं होतं.

विशाखा टेंभुर्णे नागपूरच्या एका संशोधन संस्थेत आतड्यातल्या जिवाणूंवर काम करायची. भंते उपसेन तिचे वडील होते, म्हणजे चौदा वर्षांपूर्वीपर्यंत होते. तेव्हा त्यांचं नाव प्रभाकर टेंभुर्णे होतं आणि ते भंडाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. विशाखाची आई गेली, वर्षश्राद्धाच्या जागी त्यांनी बुद्धवंदना ठेवली आणि त्यानंतर पंधरा दिवसांत चीवर घेतलं. विशाखा चोवीस वर्षांची होती. एका वर्षात तिची आई गेली आणि मग बापही गेला, फक्त बापाला महिन्यातून एकदा जाऊन तीन वेळा वंदन करायची सोय राहिली. त्यांना बाबा म्हणायचं नाही, हे तिने पहिल्या भेटीतच स्वतःला बजावलं होतं. ती त्यांना भंते म्हणायची, आणि हा शब्द उच्चारताना तिच्या आवाजात येणारी धार त्यांना कळत असावी.

विहार पवनीच्या पुढे, वैनगंगेकाठच्या एका टेकडीवर होता. तिथे पाच भिक्षू राहायचे आणि पाचही जण बेसुमार जाड होते. ज्याने दुपारी बारानंतर घासही घ्यायचा नाही त्याचं वजन वाढतं कसं, हे लोकांना कोडं वाटायचं. विशाखाला वाटत नव्हतं. सकाळी पेज आणि अकरा वाजता भोजनदान. दान घेऊन येणारी बाई घरी करते ते रोजचं वरण आणत नाही, सणाचं आणते. वडाभात, पुरणपोळी, खीर, भजी. पात्रात पडलं ते निवडायचं नाही, टाकायचं नाही. दुपारनंतर फक्त पेय चालतं, म्हणून संध्याकाळी लोक थंड पेयांच्या बाटल्या आणून ठेवायचे.

गावातल्या यमुनाबाई नंदेश्वर दर महिन्याच्या नऊ तारखेला बालूशाही घेऊन यायच्या. त्यांचा मुलगा नऊ तारखेला नदीत बुडाला होता आणि त्याला बालूशाही आवडायची. विशाखाने एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की भंतेजींना साखर विषासारखी आहे.

"मंग मी त्याले कोणाच्या हातानं चारू, बाई?" त्या म्हणाल्या.

त्या दिवशीही भंत्यांनी ती बालूशाही खाल्ली. विशाखा समोर बसली होती. त्यांनी सावकाश, डोळे मिटून, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

*

विशाखाच्या संस्थेने जे तयार केलं होतं त्याला कागदोपत्री लांबलचक क्रमांक होता. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'तृप्ती' म्हणायचे.

आपण जेवतो तेव्हा आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी रक्तात एक संदेश सोडतात. तो मेंदूला पोचला की पोट भरल्यासारखं वाटतं, जठराची हालचाल मंदावते आणि साखर ताब्यात राहते. या संदेशाची नक्कल असलेली इंजेक्शनं कित्येक वर्षं बाजारात होती. पण ती आयुष्यभर घ्यावी लागायची, बंद केली की वजन परत चढायचं. 'तृप्ती'मध्ये इंजेक्शन नव्हतं. आतड्यात एरवीही नांदणाऱ्या एका निरुपद्रवी जिवाणूत त्या संदेशाचं जनुक बसवलं होतं. कॅप्सूल गिळली की जिवाणू आत वस्ती करायचा आणि जेवण आलं की संदेश तयार करायचा.

त्याला दोन कुलपं होती. पहिलं म्हणजे अन्न समोर आल्याशिवाय जनुक सुरू होत नसे. दुसरं म्हणजे हा जिवाणू समुद्री शेवाळातल्या एका साखरेवरच जगायचा. ती साखर दर महिन्याला पुडीतून द्यायची. पुडी थांबवली की पंधरा दिवसांत जिवाणू मरायचा. शहरातल्या तीनशे स्वयंसेवकांवर दोन वर्षं चाचणी झाली होती आणि कुणालाही काही झालं नव्हतं.

पुढच्या टप्प्यासाठी माणसं हवी होती तेव्हा विशाखाने विहाराचं नाव सुचवलं.

भंत्यांना ते आवडलं नाही. त्यांनी तिला मत्तञ्ञुता हा शब्द सांगितला. भोजनात मात्रा ओळखणं, किती पुरे हे आपलं आपल्याला कळणं. भिक्षूची ही रोजची परीक्षा असते, आणि मी तिच्यात रोज नापास होतो, असं ते शांतपणे म्हणाले. चौदा वर्षं प्रत्येक घासाला हाव बघतो आहे, ती अजून गेली नाही, पण निदान दिसते तरी. उद्या जिवाणूला मात्रा कळली तर मला काय कळलं?

विशाखाने वाद घातला नाही. तिने त्यांच्या पायाकडे बोट दाखवलं आणि दिवाळीपर्यंत हा पाय राहणार नाही, भिक्षाटनाला कसे जाल, एवढंच विचारलं. त्यांनी होकार दिला. ते विहाराचे प्रमुख होते. त्यांनी घेतली म्हणून बाकी चौघांनीही घेतली.

अर्ज भरताना विशाखा एका ओळीवर अडली. दीर्घ उपवास करणाऱ्या व्यक्तींना चाचणीतून वगळावं, असं तिथे लिहिलं होतं. का, ते लिहिलं नव्हतं. अशा लोकांवर अभ्यास झालेला नाही इतकाच त्याचा अर्थ. भिक्षू उपवास करत नाहीत. ते रोज जेवतात, फक्त वेळेत जेवतात. दुपारी बारा ते सकाळी सहा, म्हणजे अठरा तास. तिने मनातल्या मनात मोजले. मग समोरच्या चौकटीत 'नियमित आहार' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

*

सहा महिन्यांत भंते उपसेन ब्याण्णव किलोवर आले. जखम भरली, बोट वाचलं. त्यांची इन्सुलिनची सुई सुटली. संध्याकाळच्या थंड पेयांच्या बाटल्या न उघडता पडून राहू लागल्या. ते टेकडी उतरून गावात भिक्षाटनाला जाऊ लागले आणि लोक दारात उभे राहून बघू लागले. विहारातले एक्केचाळीस वर्षांचे भंते सीवली, जे सगळ्यांत स्थूल होते, ते परिक्रमेला सगळ्यांच्या पुढे चालायला लागले.

विशाखा आता दर आठवड्याला जायची. नोंदी घेण्याचं निमित्त होतं. नोंदी झाल्या की दोघं बोधिवृक्षाच्या पारावर बसायची आणि ते तिला शाळेत शिकवल्यासारखे प्रश्न विचारायचे. संदेश मेंदूला कोणत्या वाटेने जातो, जिवाणूला अन्न आल्याचं कळतं कसं. एकदा तिचं उत्तर ऐकून ते मोठ्याने हसले. हे हसू तिने आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला तेव्हा आकडा एकोणऐंशी होता. विशाखाने पुड्या बंद केल्या. पंधरा दिवसांनी तपासलं तर ठरल्याप्रमाणे जिवाणू मेलेला होता. पण पुढच्या महिन्यात वजन त्र्याहत्तर भरलं. त्याच्या पुढच्या महिन्यात सदुसष्ट.

भंत्यांना काही होत नव्हतं. भूक लागत नाही, असं ते म्हणाले. सकाळी उठतो तेव्हाही मेजवानीहून उठल्यासारखं वाटतं. पात्रात वाढलेल्यातले दोन घास जातात, तिसरा घशाशी थांबतो. विहारातले सर्वांत वृद्ध भिक्षू भाद्रपदात वारले. ते ब्याऐंशी वर्षांचे होते म्हणून कुणाला आश्चर्य वाटलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि चेहऱ्यावर पूर्ण समाधान होतं. गावात त्याची फार स्तुती झाली.

विशाखाने चौघांचे नमुने घेतले आणि वारलेल्या भिक्षूंचे आधी जपून ठेवलेले नमुनेही तपासले. भंते उपसेन, भंते सीवली आणि ते वारलेले भिक्षू, या तिघांच्या नमुन्यांत ते जनुक जिवंत होतं. तिने सोडलेल्या जिवाणूत नव्हे, इतर सहा-सात जातींच्या जिवाणूंत. शेजारणीने शेजारणीला विरजण द्यावं तितक्या सहज जिवाणू एकमेकांना जनुकं देतात, हे तिला माहीत होतं. कुलपांसकट जनुक गेलं असतं तर भीती नव्हती. इथे कुलपं तुटून ते गेलं होतं. हे जिवाणू शेवाळाच्या साखरेशिवाय जगत होते आणि अन्न असो नसो, अखंड एकच निरोप पाठवत होते की पोट भरलेलं आहे.

पण तिघांनाच का? उरलेले दोघं त्याच विहारात राहत होते, त्याच पातेल्यातलं खात होते. विशाखा त्यांना वेगवेगळं भेटली. दोघांनी आधी टाळाटाळ केली. मग एकाने मान खाली घालून सांगितलं की ते दोघं संध्याकाळी खोलीचं दार लावून बिस्किटं खायचे. चीवर घेतल्यापासून खात होते. दुपारनंतरची भूक त्यांना कधी झेपलीच नव्हती.

तिला सगळं कळलं. अठरा तास अन्न येत नाही तेव्हा माणसासारखे त्याच्या आतले जिवाणूही उपाशी असतात. ज्यांनी कुलूप तोडून अखंड निरोप सुरू केला, त्यांच्यामुळे आतडं मंदावलं आणि आतलं थोडंफार अन्न जास्त वेळ तिथेच राहिलं. उपाशी काळात त्यांचं फावलं, बाकीचे मरत गेले. रोज अठरा तास, दोनशेसत्तर दिवस. शहरातली माणसं चार वाजता चहाबरोबर खारी खातात, नऊला जेवतात. त्यांच्यात असा काळ कधी येतच नाही. ज्यांनी नियम मोडला ते दोघं वाचले होते. ज्यांनी तो पाळला त्यांच्यातला एक गेला होता आणि बाकीचेही मरणार होते.

तिने त्याच दिवशी विभागप्रमुख डॉ. सबनीस यांना सांगितलं. त्या चांगल्या बाई होत्या. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, पाणी प्यायल्या आणि अर्जावरच्या त्या चौकटीत 'नियमित आहार' कुणी लिहिलं म्हणून विचारलं. विशाखाने मी लिहिलं म्हणून सांगितलं. पुढे समिती बसली. दीर्घ उपवास करणाऱ्यांनी हे घेऊ नये, ही ओळ औषधाच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापायची ठरली. औषध पुढच्या वर्षी बाजारात येणार होतं आणि ते येणारच होतं.

*

प्रतिजैविकांनी भंते उपसेनांना आणि सीवलींना उपयोग झाला नाही. जनुक इतक्या जातींत पसरलं होतं की सगळे मारावे लागले आणि महिन्याभरात तेच परत वर आले. नळीने अन्न दिलं तर जठर ते पुढे ढकलेना, उलटी व्हायची. शिरेतून पोषण दिलं, त्या नळीतून ताप शिरला आणि ती काढावी लागली. एकच वाट उरली होती. उपाशी काळच मोडायचा. जागेपणी दर तासाला दोन चमचे खायचं, म्हणजे कुलूप तोडलेल्यांचं फावणार नाही आणि हळूहळू मूळचे जिवाणू परततील. तीन-चार महिने लागतील. कदाचित.

भंत्यांनी ऐकून घेतलं आणि दुपारनंतर खाता येणार नाही म्हणून सांगितलं. आजाऱ्याला सूट असते असं विशाखाने वाचलं होतं. ती तूप, मध, गूळ यांना असते, भाताला नाही, ते म्हणाले. आणि तूप-मध तर त्यांच्या जठरात टिकतच नव्हतं. तिने त्या दोघा भिक्षूंचं उदाहरण दिलं. ते म्हणाले, "त्यांना भूक लागायची, म्हणून ते चुकले. मला भूकच नाही. मी कोणत्या तोंडाने चुकू?"

वजन सत्तावन्न होतं. बोलताना ते मध्ये थांबून श्वास घेत होते. विशाखा जमिनीवर बसली होती, नेहमीसारखी त्यांच्याहून खालच्या जागी. ती उठून उभी राहिली.

"तुम्ही चीवर घेतलंत तेव्हा मला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "मी काही मागितलंही नव्हतं. आता मागते. हे उतरवा आणि घरी चला."

त्यांनी चीवराचं टोक खांद्यावर सारखं केलं.

"मी ती चौकट भरली, बाबा. अठरा तास मोजून भरली. मला यासकट जगायला लावू नका."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून तो शब्द आला होता. भंते उपसेन खिडकीतून खालच्या नदीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भंते सीवलींसमोर उकिडवं बसून, हात जोडून, आपण शिक्षा, म्हणजे भिक्षूचे नियम, सोडून गृहस्थ होत असल्याचं तीनदा सांगितलं. चीवर घडी घालून परत केलं. विशाखाने आणलेला पांढरा सदरा त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता.

*

नागपूरच्या तिच्या घरी ते अकरा आठवडे राहिले.

सकाळी सहापासून दर तासाला गजर व्हायचा. विशाखा मऊ भात, मुगाचं वरण, कधी शिजवून गाळलेलं सफरचंद घेऊन बसायची. दोन चमचे भात खायला त्यांना पंचवीस मिनिटं लागायची. ते घास तोंडात घेऊन बसून राहायचे, घशाचा मणी वर जायचा, थांबायचा, परत खाली यायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. घास उतरला की ते तोंड उघडून तिला दाखवायचे, लहानपणी ती त्यांना दाखवायची तसं. मग पुढचा गजर.

एकदा दुपारी चारच्या चमच्यानंतर ते म्हणाले, "मला वाटायचं हाव गेली की मुक्ती असेल. आता हाव नाही. रागही नाही, आवडही नाही. तुझी आई डोळ्यांसमोर आणतो, तर तीही भरल्या पोटी बघितल्यासारखी वाटते. विशाखा, हे गेलं नाही गं. हे नुसतं बंद केलंय. मी काहीच सोडलं नाही."

तिने विचारलं, थांबवू का? ते म्हणाले, "नको. तू मागितलंस ना."

नवव्या आठवड्यात नमुन्यांत मूळचे जिवाणू किंचित वाढलेले दिसले. विशाखा तो कागद घेऊन धावत घरी आली. वजन चव्वेचाळीस होतं. वाचायला पंधरा-वीस आठवडे लागणार होते आणि शरीराजवळ इतकं काही उरलं नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि शिक्षकासारखं म्हणाले, पद्धत बरोबर होती, सुरुवात उशिरा झाली.

अकराव्या आठवड्यात भंते सीवली भेटायला आले. ते आता इतके वाळले होते की विशाखाने त्यांना दारात ओळखलं नाही. पिशवीत त्यांनी घडी घातलेलं चीवर आणलं होतं. तुम्ही भिक्षू म्हणूनच जायला हवं, मी आत्ता इथे तुम्हाला प्रव्रज्या, भिक्षूची दीक्षा, परत देतो, असं ते म्हणाले.

प्रभाकर टेंभुर्णे यांनी चीवराच्या काठावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "पाच रोग असलेल्याला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम आहे. त्यातला एक शोष. अंग सुकत जाणं. तुम्हाला पाठ आहे."

सीवली म्हणाले, इथे कोण विचारणार आहे?

"कोणी नाही. पण देणारे तुम्ही असाल. माझ्यासाठी तुम्ही का मोडायचा?"

त्यांनी हात काढून घेतला. विशाखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आपण मागितलेलं नेमकं काय होतं आणि त्याच्या बदल्यात काय गेलं, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

चार दिवसांनी सकाळी आठच्या गजराला त्यांनी तोंड उघडलं नाही.

*

अंत्यसंस्कार वैनगंगेकाठी झाला. भिक्षूचा होतो तसा नव्हे, गावातल्या कुठल्याही माणसाचा होतो तसा. सीवलींनी त्रिशरण दिलं. त्यांचा आवाज पुढच्या रांगेपलीकडे पोचत नव्हता. गावकऱ्यांना चीवर का उतरवलं ते कळलं नव्हतं आणि विशाखाने समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही. शेवटी मुलीच्या मायेत अडकले, असं कुणीतरी मागे म्हणालं. तिने ते ऐकलं.

चिता पेटल्यावर लोक पांगले. सीवली वाळूत बसले, विशाखा त्यांच्यापासून थोडी दूर बसली. त्यांनी सरळ विचारलं, "माझं कुठवर?"

तिने सांगितलं की चैत्र निघेल, वैशाखाचं सांगता येत नाही. आत्तापासून दर तासाला खाल्लंत तर कदाचित अजून वेळ आहे, चीवर उतरवायचीही गरज नाही, नुसतं खा, कुणाला कळणार नाही. हे बोलताना आपण याचना करतो आहोत हे तिला कळत होतं.

सीवलींनी मान हलवली. ते म्हणाले, मी नाही उतरवणार, आणि लपूनही नाही खाणार. ताई, वाईट वाटून घेऊ नका. मला काही त्रास होत नाही. मला आता कशाचंच काही होत नाही.

यमुनाबाई घरी गेल्या नव्हत्या. त्यांनी विशाखाला विचारलं की सकाळपासून पोटात काही गेलं का, आणि उत्तराची वाट न बघता पदराखालचा डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला. ज्वारीची भाकर होती आणि वांग्याची भाजी. विशाखा नको म्हणाली. तिला खरंच नको होतं. पण वास आला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. अकरा आठवडे तिने धड जेवण केलं नव्हतं. तिने एक घास घेतला. मग दुसरा. मग ती भराभरा खायला लागली, दोन्ही हातांनी भाकर मोडून, नाकातून पाणी गळत असताना, समोर चिता जळत असताना. तिला थांबता येईना.

सीवली तिच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत दया नव्हती, किळस नव्हती, भूक तर नव्हतीच. यमुनाबाईंनी डब्यातली दुसरी भाकर काढून दिली आणि विशाखाने ती घेतली.